खाऱ्या पाण्यातल्या आउटबोर्ड इंजिनाची नित्य देखभाल स्वतः कशी करावी

आउटबोर्ड इंजिन चालून जितके झिजते, त्याहून अधिक ते पोटात मीठ घेऊन उभे राहिल्याने झिजते. गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो. होडीमागे लावलेले हे इंजिन मात्र खालच्या जाळीतून समुद्राचेच पाणी ओढून घेते, ते सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांतून फिरवते आणि बाहेर टाकते. इंजिन बंद झाले की आत उरलेले पाणी गरम धातूवर वाळते, मिठाचा थर बसतो आणि काही महिन्यांत या वाटा बुजून इंजिन तापू लागते. म्हणून देवबाग-तारकर्लीकडे होडी चालवणाऱ्याने किंवा हौसेने छोटी बोट बाळगणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती गोड्या पाण्याने इंजिन धुण्याची, आणि तीही किनाऱ्याला लागल्यावर त्याच दिवशी.

धुण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी रबरी मफ (वाटीसारखी टोपणे) बसवून त्याला बागेची नळी जोडतात. आधी नळ सोडावा, मग इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करून मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावे. थांबवताना आधी इंजिन आणि नंतर नळ बंद करावा. दुसऱ्या रीतीत इंजिन पाण्याने भरलेल्या पिंपात उभे करतात. तेव्हा होडी ढकलणारा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवणे शहाणपणाचे, आणि पाण्याची पातळी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर निदान एक वीत असावी, कारण पाण्याचा पंप त्या पट्टीच्याही वर असतो. हे काम बंद पडवीत करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. काही इंजिनांना धुण्यासाठी नळी जोडायची वेगळी जागा दिलेली असते. तिथून धुताना इंजिन बंद ठेवायचे की चालू, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावे.

इंजिन चालू असताना मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर सतत नजर ठेवावी. धार जोरकस असेल तर पंप काम करतो आहे. ती लुळी पडली तर आधी तिच्या भोकात बारीक तार घालून वाळू आणि मीठ मोकळे करावे, आणि तरीही सुधारली नाही तर इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे रबरी पात्यांचे चक्र, पाहावे. पाण्याशिवाय इंजिन ‘फक्त क्षणभर सुरू करून पाहू’ हा मोह कटाक्षाने टाळावा, कारण रबरी इम्पेलर कोरडा फिरला की काही सेकंदांतच त्याची पाती करपतात. धुऊन झाल्यावर इंजिन वर उचलून न ठेवता काही वेळ सरळ उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी आपोआप गळून जाते.

यापुढच्या प्रत्येक कामाआधी किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढावी आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला करावी. पंख्याजवळ हात असताना इंजिनाने एक फेरा घेतला तरी बोटे जाऊ शकतात.

पंखा दर काही फेऱ्यांनंतर आणि हंगामात निदान दोनदा पूर्ण काढून पाहावा. नट अडवणारी दुपायी स्प्लिट पिन सरळ करून काढावी, नट सोडावा आणि पंखा मागे ओढावा. शाफ्टवर, अगदी सीलला (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कडीला) चिकटून, तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला सापडतो का ते बारकाईने पाहावे. एकदा माझ्याच इंजिनात बाहेरून काहीच दिसत नव्हते, पण नटामागे गुंडाळलेल्या वीतभर तंगुसाने सील कापले होते आणि गिअरच्या तेलात खारे पाणी शिरले होते. तेव्हापासून पंखा काढल्याशिवाय मी ‘तपासले’ असे म्हणत नाही. शाफ्ट पुसून पाण्यात न विरघळणारे मरीन ग्रीस लावावे आणि पंखा बसवताना स्प्लिट पिन दर वेळी नवीन वापरावी.

गिअरचे तेल हे घरी करायच्या कामांतले सर्वांत बोलके काम आहे. साधारण १०० तास चालल्यावर किंवा हंगामातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलावे. क्रम असा:

१. इंजिन सरळ उभे करून खाली पसरट भांडे ठेवावे. आधी गिअरच्या पेटीचा तळाचा स्क्रू काढावा आणि मग वरचा. वरचा काढल्याशिवाय हवा आत जात नाही आणि तेल नीट उतरत नाही. काही मॉडेलांत तळच्या स्क्रूशेजारी फुलीच्या खाचेचा दुसरा स्क्रू असतो, तो गिअर बदलण्याच्या यंत्रणेचा असल्याने त्याला हात लावू नये.

२. उतरलेले तेल उजेडात पाहावे. दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसले तर पाणी शिरले आहे, आणि सील बदलेपर्यंत नवे तेल घालणे व्यर्थ आहे. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरचे दात तुटत आहेत आणि तिथे मेकॅनिकच हवा.

३. नवे तेल तळच्या भोकातून, नळीने किंवा हातपंपाने, खालून वर चढवावे. वरून ओतल्यास आत हवा अडकते. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल वाहू लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग नळी काढून तळचा चटकन बसवावा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घालावेत. अनेक इंजिनांना एसएई ९० दर्जाचे गिअर ऑइल चालते, तरी आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहूनच ते आणावे.

काढलेले तेल डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे. ज्या खाडीत आपण जाळे टाकतो तिच्यातच ते ओतणे अक्षम्य आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या) दर्जाचेच तेल मिसळावे. मोटारसायकलचे तेल स्वस्त पडते, पण ते हवेवर थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते आणि आउटबोर्डात राख व काजळी धरते. पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिलिलिटर तेल लागते. काही मॉडेलांचे प्रमाण वेगळे असते आणि नव्या इंजिनाला सुरुवातीला जास्त तेल लागते, त्यामुळे शेजारच्या नाखव्याचे माप आपल्या टाकीला लावू नये. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल वेगळे असते. तेही साधारण १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी फिल्टरसह बदलावे.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात आणि तोच आधी कार्बुरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) जातो. म्हणून लागेल तेवढेच ताजे पेट्रोल भरावे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा आणि पेट्रोलची नळी व हाताने दाबायचा रबरी फुगा कडक झाला किंवा तडकला की बदलावा.

प्लग काढून त्याचा रंग पाहावा: फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, काळा व तेलकट असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त होत आहे, आणि पांढराफटक असेल तर इंजिन तापत आहे. प्लगच्या टोकांमधली फट पुस्तिकेप्रमाणे फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी.

खालच्या भागावर लावलेला अॅनोड हा स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा आहे. तो निम्मा झिजला की बदलावा आणि त्यावर रंग कधीही लावू नये, कारण रंग लावलेला अॅनोड काम करत नाही. निव्वळ समुद्रात जस्ताचा चालतो, पण खाडीच्या मचूळ पाण्यात अॅल्युमिनियमचा अधिक चांगला.

इम्पेलर बदलणे थोडे धीराचे काम आहे, पण होते. साधारण वर्षा-दोन वर्षांनी, वाळूच्या उथळ खाडीत त्याहून लवकर, तो बदलावा. गिअर बदलण्याची दांडी सोडवून, खालचा भाग धरणारे बोल्ट काढून तो भाग सरळ खाली उतरवावा. पंपाचे झाकण उघडून जुना इम्पेलर आणि त्याला शाफ्टवर अडकवणारा छोटा धातूचा तुकडा (‘की’) काढावा. एखादे पाते तुटलेले असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तो पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. नव्या इम्पेलरला साबणाचे पाणी लावून, शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण दाबावे, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावावे, पण माथ्यावर लावू नये. तिथे अडकलेले ग्रीस शाफ्ट पूर्ण बसू देत नाही. खालचा भाग परत चढवताना पाण्याची उभी नळी तिच्या रबरात नेमकी गेली आहे याची खात्री करावी आणि बोल्टच्या जोरावर काहीही ओढून बसवू नये.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इंजिन दोन महिने उभे राहते, तेव्हा त्याआधी धुणे, गिअरचे तेल आणि ग्रीस ही कामे उरकून घ्यावीत. तेलात शिरलेले पाणी पावसाळाभर गिअरवर बसू देऊ नये. कार्बुरेटरच्या वाटीतले पेट्रोल तळच्या स्क्रूने काढून टाकावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून इंजिन सुरू करायची दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी आणि प्लग परत लावावा. इंजिन स्टँडवर उभेच ठेवावे, आणि त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळण्याऐवजी हवा खेळेल असे कापड टाकावे.