टर्मिनलवरून एडिटर उघडला, पण कमिट गेलं कुठे?

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'कोड', एक स्पेस, टिंब आणि एंटर. ज्या फोल्डरमध्ये आहात तो अख्खा व्हीएस कोड या एडिटरमध्ये उघडतो. मॅकवर 'कमांड नॉट फाउंड' आलं तर एडिटरच्या कमांड पॅलेटमध्ये 'शेल कमांड' शोधा, 'कोड' पाथमध्ये (टर्मिनल जिथे कमांड शोधतं त्या यादीत) टाकायचा पर्याय तिथेच आहे. विंडोजवर बहुतेकदा टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं की भागतं. एवढं तुम्हाला येत असणारच. मला नडलं ते याच्या पुढचं.

गोव्यात साखळीहून कदंबाच्या बसने पर्वरीला एका छोट्या कंपनीत जायचे, तेव्हाची गोष्ट. गिट, म्हणजे फाइलींमधले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम. त्याने कमिट मेसेजसाठी (कमिट म्हणजे अशी एक नोंद) विम हा टर्मिनलमधला एडिटर उघडला आणि मी त्यात अडकले. शेजारच्या सिनियरने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, एक ओळ टाइप केली, "आता व्हीएस कोडमध्येच उघडतलें गो," म्हणाला आणि चहाला गेला. कीबोर्ड हिसकावून शिकवणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, हे माझं ठाम मत.

उघडलं खरं. मन लावून तीन ओळींचा मेसेज लिहिला, सेव्ह केला, गिट लॉग बघते तर कमिटच नाही! टर्मिनलवर 'अबॉर्टिंग कमिट ड्यू टू एम्प्टी कमिट मेसेज'. एम्प्टी कसा? समोर तर दिसतोय. पुन्हा कमिट केलं, तर गिटने तीच फाइल नव्याने लिहिली आणि माझ्या तीन ओळीही गेल्या. दोन दिवस मला वाटत होतं, आपल्यालाच जमत नाही.

तर ऐका. 'कोड' ही कमांड फाइल एडिटरच्या हवाली करते आणि लगेच मोकळी होते. तुमचं लिहून व्हायची वाट ती बघत नाही. गिटला वाटतं, एडिटर संपला म्हणजे लिहून झालं. तो फाइल उघडून बघतो, मेसेज कोरा, कमिट रद्द. तुम्ही तोवर पहिला शब्दही लिहिलेला नसतो.

म्हणून गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) 'कोर डॉट एडिटर'ची किंमत नुसती 'कोड' नको. "कोड --वेट" हवी, दोन डॅशसह आणि अख्खी अवतरणात. अवतरण विसरलात तर 'वेट' हा गिट आपलाच पर्याय समजतो आणि अडतो. इंटरॅक्टिव्ह रिबेजलाही (जुने कमिट नीट लावायच्या कामालाही) हीच सेटिंग लागते.

इथे दुसरा खड्डा आहे. मेसेज सेव्ह केला तरी टर्मिनल ढिम्म. मी हँग झालं समजून कंट्रोल-सी मारलं, पुन्हा कमिट गेलं. घाबरू नका, ते फक्त वाट बघतंय. ती एक टॅब बंद करा, अख्खा एडिटर नव्हे.

स्वतःसाठी फाइल उघडताना 'वेट' लागत नाही. तिथे 'डॅश जी' शिका: फाइलचं नाव, कोलन, ११८ दिलं की थेट ११८व्या ओळीवर. बाकी कुणाच्या तरी चाळीस एलियसची (कमांडना दिलेल्या छोट्या नावांची) फाइल उचलून आपल्या मशीनवर चिकटवू नका. मी चिकटवली होती. त्यातले तीन वापरले.

पुढे एकदा त्या सिनियरचं कॉन्फिग बघायला मिळालं. त्यातही 'वेट' नव्हतं. तो कायम 'डॅश एम' देऊन, मेसेज कमांडमध्येच लिहून, एका ओळीत कमिट करायचा, त्यामुळे त्याचा एडिटर कधी उघडलाच नव्हता.