पाटीवरची तुटकी शिरोरेषा

भावाच्या रसवंतीच्या पाटीसाठी मी ‘अल्फा स्लॅब वन’ हा फॉन्ट निवडला. जाडजूड, चौकोनी पायांचा, जुन्या लाकडी ठशांची आठवण करून देणारा. इंग्रजी नाव झकास उठून दिसलं. पण या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. मराठी ओळ भलत्याच बारीक अक्षरात उमटली. आपलीच भाषा मागे पडलेली मला बघवेना.

मग ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ लावला. त्याला तसे पाय नाहीत, पण वजन आणि गोडवा जुळला. तरी ‘रसवंती’ची शिरोरेषा तुटतच होती! इंग्रजीसाठी वाढवलेलं अक्षरांमधलं अंतर मराठीलाही लागलं होतं. तेवढ्या ओळीचं अंतर शून्यावर आणलं आणि रेषा सलग झाली. छपाईला देताना अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांमध्ये, बदलून दिली, म्हणजे तिकडे फॉन्ट नसला तरी अडत नाही.