फायटरच्या टाकीतली आडभिंत कशाने चिकटवावी?

एका टाकीत दोन फायटर मासे (बेट्टा) ठेवायचे तर मधली जाळी बसवायला शंभर टक्के सिलिकॉनच घ्या. नळीवर ‘अँटी-फंगल’ छापलेलं असेल तर ती दुकानातच ठेवा. बाथरूमच्या फटींसाठीच्या त्या सिलिकॉनमधलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं. काचेच्या साध्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. हवेतल्या ओलाव्याने ते बाहेरून आत घट्ट होत जातं, त्यामुळे बारीक रेघेला 48 तास पुरतात, जाड थराला आठवडाही लागतो.

प्लास्टिकच्या जाळीवर सिलिकॉनची पकड कच्चीच. म्हणून जाळी चिकटवूच नका. काचवाल्याकडून 1 सेंमी रुंद, धार घासलेल्या काचेच्या चार पट्ट्या घ्या. टाकी रिकामी करून काच स्पिरिटने पुसा आणि पुढच्या-मागच्या काचेवर दोन-दोन पट्ट्या सिलिकॉनने उभ्या लावा. दोन पट्ट्यांमधल्या खाचेत जाळी सरकवायची, धुवायला काढताही येते. जुनं सिलिकॉन ब्लेडने आधी खरवडा, त्यावर नवं धरत नाही.

जाळीचे तुकडे जोडायला सायनोअॅक्रिलेट जेल (घट्ट सुपरग्लू) चालतं. ग्लू गन नको. तो डिंक ओल्या काचेवरून सालीसारखा सुटतो.