ट्रेलरवरची बोट रॅम्पवरून पाण्यात उतरवणे आणि परत चढवणे

मिनेसोटात दोन-चार उन्हाळे काढलेल्या मराठी माणसाला स्वतःची बोट घ्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणून ते ओळखले जाते आणि तिथल्या असंख्य तळ्यांवर सर्वांसाठी खुले असलेले रॅम्प, म्हणजे पाण्यात उतरत जाणारे काँक्रीटचे उतार, आहेत. बोट चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. बोट ट्रेलरवरून पाण्यात उतरवायला आणि परत चढवायला मात्र फारसे कोणी नीट बसून शिकवत नाही. वास्तविक निसरडा उतार, दोन टनांची गाडी, तिच्यामागचा ट्रेलर आणि आजूबाजूला वावरणारी मुले, हे सगळे एकत्र येते ते याच वीस-पंचवीस मिनिटांत. पुढील माहिती मुख्यतः सोळा ते वीस फुटी, आउटबोर्ड (मागच्या कडेला बाहेरून बसवलेल्या) इंजिनाच्या आणि एका आसाच्या ट्रेलरवर नेल्या जाणाऱ्या बोटीसाठी आहे. मोठ्या बोटीलाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

रॅम्पवरची सुरक्षितता हातातल्या कसबापेक्षा कामांच्या क्रमावर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. कोरड्या, सपाट जमिनीवर उरकता येईल असे एकही काम उतारावर करायचे नाही, हा पहिला नियम. बोट कोणत्याही क्षणी ट्रेलरला बांधलेली, डॉकला (काठालगतच्या धक्क्याला) बांधलेली, कोणाच्या हातातल्या दोराला जोडलेली किंवा चालू इंजिनासह चालकाच्या ताब्यात असलीच पाहिजे, हा दुसरा.

तयारी घरीच सुरू होते. गाडीच्या मागच्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या जोडाच्या, बॉलवर त्याचे माप कोरलेले असते. त्या बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या कपलरवरही तेच माप हवे, कारण दोन इंचांचा कपलर १ ७/८ इंचांच्या बॉलवर वरवर बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात उसळून सुटतो. खटका लावल्यावर ट्रेलरचा दांडा जॅकने किंचित उचलून पाहावा. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला, तर जोड पक्का बसला आहे असे समजावे. दोन्ही सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यावर न घासता साखळ्यांच्या झोळीत विसावतो. हिचवर पडणारा भार बोट आणि ट्रेलर यांच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा. तो फारच कमी असेल, तर हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो.

ट्रेलर मागे घेण्याचा सराव रॅम्पवर करू नये. रविवारी सकाळी रिकामा असलेला एखादा मोठा पार्किंगचा आवार गाठावा आणि रंगवलेल्या पट्ट्यांमध्ये ट्रेलर सरळ मागे नेण्याचा सराव करावा. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा. ट्रेलरचे मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे असेल, त्याच बाजूला हात सरकवावा. ट्रेलर एखाद्या आरशात जास्त दिसू लागला की तळाशी धरलेला हात त्या आरशाच्या विरुद्ध दिशेने जरासा न्यावा आणि लगेच परत आणावा. नवशिके चालक चाक फार वळवतात आणि उशिरा सोडतात. ट्रेलर एकदा गाडीशी काटकोन करू लागला की मागे जात राहून तो सरळ होत नाही. तेव्हा पुढे येऊन गाडी आणि ट्रेलर एका रेषेत आणणे हाच उपाय आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

रॅम्पवर पोहोचल्यावर थेट उताराकडे जाऊ नये. बाजूला तयारीसाठी जागा असते, तिथे थांबावे. बोटीच्या मागच्या बाजूचे पट्टे सोडावेत, इंजिनाचा आधारदांडा काढावा, पण विंचचा (बोट ओढून धरणाऱ्या ट्रेलरवरच्या हातरहाटाचा) पट्टा आणि पुढच्या कडीतील साखळी मुळीच सोडू नये. पुढे एक आणि मागे एक असे दोन दोर बांधून ठेवावेत आणि डॉककडच्या बाजूला फेंडर, म्हणजे बोट घासू नये म्हणून लावायच्या गाद्या, लोंबते सोडावेत. ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून अलग करावी, कारण जुन्या पद्धतीचे तापलेले बल्ब थंड पाण्यात बुडाले की तडकतात. लांबच्या प्रवासानंतर चाकांचे हब (बेअरिंग बसवलेले मधले भाग) हाताला गरम लागत असतील, तर ही सगळी कामे होईपर्यंत ते निवू द्यावेत. गरम हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. पुढे कधी हबचे टोपण उघडल्यावर ग्रीस दुधट, पांढुरके दिसले, तर पाणी आत शिरले आहे हे ओळखावे आणि त्या बेअरिंगवर पुढचा प्रवास करू नये.

ड्रेन प्लगकडे, म्हणजे बोटीच्या तळाचे पाणी काढण्याचे भोक बंद करणाऱ्या बुचाकडे, विशेष लक्ष द्यावे लागते. पाण्यातील उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटाच्या कायद्यानुसार रस्त्याने बोट नेताना तो काढलेला असावा लागतो. म्हणजे प्रत्येक वेळी बोट तळ्यावर पोहोचते ती तळाला भोक उघडे ठेवूनच. प्लग बोटीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवावा, म्हणजे तो हातात आल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही. बसवताना रबरी कडेवर चीर पडली आहे का ते हाताचे बोट फिरवून पाहावे आणि आटे तिरके न लावता प्लग घट्ट पिळावा.

लाइफ जॅकेटही इथेच चढवावीत. चालत्या बोटीत दहा वर्षांखालील मुलांना ती घालणे मिनेसोटात कायद्याने बंधनकारक आहे, पण डॉकवर उभ्या असलेल्या मुलांनाही ती असावीत, असा माझा आग्रह आहे. मे महिन्याच्या मध्यावर मासेमारीचा हंगाम सुरू होतो तेव्हा हवा उबदार असली तरी पाणी इतके थंड असते की त्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच बेताल होतो आणि चांगला पोहणाराही नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो. इंजिन बंद करणाऱ्या कटऑफ स्विचची दोरी चालकाने अंगाला अडकवण्याची तयारी ठेवावी. २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर वेगाने जाताना ती जोडलेली असण्याचे बंधन अमेरिकेच्या संघीय कायद्याने १ एप्रिल २०२१ पासून घातले आहे. बोटीच्या आत बंदिस्त पेट्रोल इंजिन असेल, तर ते सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर (पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवावा.

आता उतार. गाडीत चालकाशिवाय कोणीही नसावे, खिडक्या उघड्या असाव्यात आणि उतारावर मागे जाण्यापूर्वी चालकाने सीटबेल्ट सोडावा. गाडी घसरून पाण्यात गेलीच, तर बाहेर पडण्याचा मार्ग खिडकीतूनच असतो. मदतनीसाने आरशात दिसेल अशा बेताने बाजूला उभे राहावे. ट्रेलरच्या मागे किंवा ट्रेलर आणि डॉक यांच्या सापटीत कोणीही थांबू नये. चालण्याच्या वेगाने मागे जावे आणि ट्रेलरच्या चाकांवरची मडगार्ड पाण्याखाली जाण्याच्या बेतात आली की थांबावे. बोटीखाली आधारफळ्यांऐवजी फिरते रोलर असलेल्या ट्रेलरला यापेक्षा कमी खोली पुरते.

थांबल्यानंतरचा क्रम पाठ करण्यासारखा आहे. पायाचा ब्रेक दाबून ठेवावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर तोलली गेली आहे याची खात्री करावी आणि शेवटी गिअर पार्कमध्ये टाकावा. असे केल्याने सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खिट्टीवर येत नाही. त्यानंतर मदतनीसाने पुढच्या चाकामागे ते घरंगळू नये म्हणून लाकडी ठोकळा लावावा. पाण्याच्या कडेखालच्या काँक्रीटवर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो. तिथे चप्पल घालून उतरू नये.

बोट अजून विंचला अडकलेली असतानाच चालकाने आत जावे, इंजिन खाली घेऊन सुरू करावे आणि थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर येते आहे का ते पाहावे. तळात पाणी साचू लागले आहे का हेही याच वेळी बघावे, कारण प्लग राहिला असेल, तर बोट ट्रेलरवर असतानाच गाडी पुढे घेऊन ती वाचवता येते. सगळे ठीक असल्यावरच मदतनीसाने पुढचा दोर हातात घेऊन साखळी आणि विंचचा पट्टा सोडावा. विंचचा अडसर काढताना मूठ हाताने घट्ट धरावी. ती मोकळी गरगरू दिली तर मनगटाचे हाड मोडू शकते. कोरड्या उतारावर वेळ वाचवण्यासाठी पट्टा आधीच सोडणारे लोक दिसतात. रोलरच्या ट्रेलरवरून अशी बोट थेट काँक्रीटवर घसरते. बोट पाण्यात गेली की ती डॉकच्या टोकाकडे नेऊन बांधावी आणि गाडी लगेच वर न्यावी, म्हणजे मागच्यांना वाट मिळते.

परत चढवण्याचे काम जास्त अवघड असते, कारण तोवर माणसे दमलेली असतात आणि वारा बहुधा वाढलेला असतो. बोट डॉकला बांधून एकाने गाडी आणावी. ट्रेलर आधी पुरेसा आत नेऊन त्याच्या आधारफळ्या पूर्ण भिजवाव्यात आणि मग मडगार्डचा वरचा भाग पाण्याबाहेर दिसेल इतका तो बाहेर घ्यावा. ट्रेलर फार खोल गेला की बोट फळ्यांवर टेकतच नाही, मधोमध बसत नाही आणि बाहेर ओढल्यावर एका बाजूला कललेली आढळते. वारा आडवा असेल, तर वाऱ्याच्या बाजूला थोडे झुकते माप ठेवून, ती वाहत मध्यावर येईल अशा अंदाजाने अगदी हळू आत आणावी.

शेवटचे दोन-तीन फूट विंचनेच ओढावेत. इंजिनाचा जोर लावून बोट ट्रेलरवर चढवण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. प्रॉपेलरच्या लोटाने काँक्रीट संपते तिथली माती उकरली जाते, तिथे खड्डा पडतो आणि त्याच्या पलीकडे मातीचा उंचवटा साचतो. मग दुसऱ्या कोणाच्या ट्रेलरची चाके त्या खड्ड्यात उतरून आस वाकतो. विंच फिरवताना पट्ट्याच्या सरळ रेषेत तोंड आणू नये. पट्ट्याच्या कडेचे धागे सुटून लव आल्यासारखे दिसत असतील, तर तो बदलावा. बोटीचे नाक पुढच्या रबरी ठोकळ्याला टेकले की साखळी अडकवावी, इंजिन बंद करून वर उचलावे आणि मगच गाडी सावकाश वर घ्यावी. चाके जागीच फिरू लागली, तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नये. ब्रेक लावून थांबावे, चारही चाकांचा गिअर असल्यास तो लावावा, नसल्यास वरून दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी.

वर आल्यावर पुन्हा बाजूच्या जागेत जावे आणि ड्रेन प्लग काढावा. बोटीच्या तळातले आणि मासे ठेवण्याच्या टाकीतले सगळे पाणी वाहू द्यावे, आउटबोर्ड उभे करून त्यातले पाणीही निथळू द्यावे. ट्रेलरच्या फळ्या, आस आणि प्रॉपेलर यांत अडकलेले पाणगवत हाताने ओढून काढावे. तळ्यातळ्यांत पसरणारे उपद्रवी झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि २०१० मध्ये ते मिनेसोटातल्या लेक मिनेटोंकातही आढळले. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे वरवर स्वच्छ वाटणारे ओंजळभर पाणीही निरुपद्रवी मानता येत नाही. उरलेले आमिष पाण्यात न टाकता कचऱ्याच्या डब्यात टाकावे. मागचे पट्टे आवळावेत, दिव्यांची वायर जोडून दोन्ही बाजूंचे इशारे आणि ब्रेकचे दिवे मदतनीसाकडून पाहून घ्यावेत. दुसऱ्या तळ्यावर जायचे असेल, तर त्याआधी बोट निदान पाच दिवस पूर्ण कोरडी राहू द्यावी, किंवा १२० अंश फॅरनहाइटच्या गरम पाण्याने प्रत्येक भाग दोन मिनिटे धुवावा. घरी परतताना वाटेत एकदा थांबून हबला हात लावून पाहावा, आणि एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापलेला असेल, तर त्याचे बेअरिंग पुढच्या फेरीआधी उघडून तपासावे.