पायात उतरणारी कळ, हातात येणाऱ्या मुंग्या : ऑपरेशन टाळायचं असेल तर या चुका टाळा

एमआरआयची फाइल टेबलावर ठेवत पेशंट म्हणतात, "मॅडम, गादी सरकलीय. आता ऑपरेशनच ना?" मी आधी एवढंच विचारते, कळ कुठपर्यंत उतरते? मांडीपर्यंत, पोटरीपर्यंत की पार अंगठ्यापर्यंत? फिजिओथेरपीत मला रिपोर्टाइतकंच हे उत्तर महत्त्वाचं वाटतं.

दोन मणक्यांमधली गादी बाहेर आली की शेजारच्या नसेच्या मुळावर दाब पडतो, तिथे सूज येते, आणि दुखतं मात्र दूर पायात नाहीतर हातात. बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. बाहेर आलेला गादीचा तुकडा अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेतं. पण या आठवड्यांत आपण काय करतो, यावर बरंच अवलंबून असतं.

पहिली चूक अंथरूण धरण्याची. घरातली मंडळी मायेने म्हणतात, "हलू नकोस." एक-दोन दिवस ठीक. १९९९ साली नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन आठवडे झोपून राहिलेले रुग्ण इतरांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला. सलग बसणं मात्र टाळा, कारण बसल्यावर बहुतेकांची कळ वाढते. एसटीचा लांबचा प्रवास, जमिनीवर बसून भाजी निवडणं, वाकून फरशी पुसणं काही दिवस दुसऱ्यावर सोपवा.

दुसरी चूक रिपोर्टाची धास्ती. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांची गादी फुगलेली दिसते. रिपोर्टातला शब्द आणि तुमची कळ जुळते का, हे तपासूनच ठरतं.

आता जी चूक मी सर्वांत जास्त पाहते ती. पाय आखडलाय असं वाटतं, म्हणून माणूस सकाळी उठल्या उठल्या वाकून पायाची बोटं धरतो किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ लावून पाय जोराने ताणतो. तो ताण स्नायूला बसतोय असं वाटतं, पण आधीच चिडलेली नसही त्यात ओढली जाते आणि संध्याकाळी कळ पोटरीतून घोट्यापर्यंत पोहोचते. कुठलाही व्यायाम केल्यावर कळ कुठे सरकली ते पाहा. पायातून वर कमरेकडे आली, तर कमर थोडी जास्त दुखली तरी हरकत नाही, व्यायाम मानवतोय. कळ खाली उतरली तर तो व्यायाम त्याच दिवशी थांबवा. कोणाला पालथं झोपून कोपरांवर छाती उचलल्याने बरं वाटतं, कोणाला पुढे वाकल्याने. म्हणून शेजाऱ्याचा व्यायाम उचलू नका.

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. उसण स्नायूची असते, पण पायात कळ येत असेल तर लाथ, पाठीवर पाय देऊन तुडवणं, मान कडकन मोडून घेणं, यातलं काहीही नको. यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

गोळ्यांबद्दल थोडंच. प्रीगॅबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी सायटिकासाठी, म्हणजे पायात उतरणाऱ्या कळेसाठी, सर्रास लिहिली जाते, पण २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही, उलट चक्कर जास्त आली. आधीच चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास असेल तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घेऊ नका. नसेजवळच्या स्टिरॉइड इंजेक्शनने आराम पडलाच तर तो काही आठवड्यांचा असतो. त्या दिवसांत चालणं वाढवा, गोण्या उचलायला जाऊ नका.

मानेच्या दुखण्यात हात डोक्यावर ठेवला की अनेकांना हलकं वाटतं. तसं होत असेल तर हाताखाली उशी घेऊन बसा. दोन-तीन उशा घेऊन झोपू नका. डाव्या हाताची कळ मानेचीच आहे असंही धरून चालू नका. सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर आधी ईसीजी.

आणि "काही झालं तरी ऑपरेशन नाही" हा हट्टही चूकच. दोन-तीन महिन्यांनंतरही झोप लागत नसेल तर सर्जनचं मत घ्या. दर दोन दिवसांनी भिंतीला धरून टाचांवर आणि मग चवड्यांवर चालून बघा. पाऊल लोंबायला लागलं, सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली, चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी दाखवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बसायच्या जागी बधिरपणा आला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि दारातच हे लक्षण सांगा.