दुर्बीण सरकत होती, हात नाही

कापूस वेचून झाला की आम्ही शेतातल्या धुऱ्याला मातीची पोती रचून कागदावर निशाणा लावतो. माझी ४.५ मिमीची स्प्रिंगवाली एअर रायफल. नवी दुर्बीण बसवली, दहा-बारा छर्रे नीट गेले, मग भलतीकडंच. मोठा भाऊ म्हणे, "काऊन बे, हात थरथरते काय तुहा?"

मी स्क्रू आवळत राहिलो, एकाचं तर डोकंच घासून गेलं. शेवटी दुर्बीण उतरवली तर बंदुकीवर ती बसते त्या खाचेवर काळ्या पॉलिशमधून दोनेक मिलिमीटरचा चकचकीत ओरखडा. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचा क्लॅम्प मागं सरकत होता!

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन सुटला की बंदूक मागं येते, आणि तो पुढं थडकला की झटक्यात पुढं जाते. दुर्बीण जागीच राहू पाहते, म्हणजे बंदुकीच्या मानानं मागं जाते. साध्या दुर्बिणीची आतली भिंगंही त्यानं ढिली होतात, म्हणून एअर रायफलसाठी बनवलेलीच घ्यावी.

दोन सुट्या रिंगा काढून एकसंध माउंट, म्हणजे दुर्बिणीची एकाच तुकड्याची बैठक, आणला. त्याची स्टॉप पिन, म्हणजे सरकणं अडवणारी खीळ, बंदुकीवरच्या भोकात उतरवून मागच्या काठाला टेकवली. खाच आणि रिंगा स्पिरिटनं पुसल्या. तेलाचा हात लागला की सगळं व्यर्थ. रिंगांचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळले, दोन्हीकडची फट सारखी ठेवून. सरकला तर दिसावं म्हणून माउंटच्या कडेला बायकोच्या नेलपॉलिशची रेघ मारली, तीही न विचारता.

तीनशे छर्रे झाले. रेघ जागेवर आहे.