मानेवरचं पुरळ आणि किराणा दुकानातला रेझर

फोंड्याच्या बाजारात किराणा दुकानातच ब्रश, शेव्हिंगचा साबण, दुधारी ब्लेडचा रेझर आणि तुरटीचा खडा मिळाला, तोही स्वस्तात. आधी बहुपाती कार्ट्रिजने, म्हणजे एकाच डोक्यात अनेक पाती असलेल्या रेझरने, मानेवर पुरळ उठायचं. एकामागून एक पाती फिरली की केस त्वचेच्या खाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो.

आता आंघोळ झाली की ओला ब्रश साबणावर घोळवतो, फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत. घाई इथे करायची नाही. रेझरचं पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत, हात हलका, केसांच्या दिशेनेच. मानेवर केस आडवेतिडवे उगवतात, तिथे बोटाने चाचपून बघायचं. शेवटी तुरटी, फार झोंबली तर समजायचं, दाब जास्त पडला.

पुरळ गेलं. ब्रशचे केस मात्र गळतात, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो न्हाणीत ठेवला तर कुबट वास मारतो. झटकून खिडकीत उलटा टांगा.